एकास बारा

बोरगव्हाणच्या फकिरा गवंड्याच्या घरी दिवाळी सरली की पाहुणे यायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत राहायचे. पाहुणे म्हणजे गावातलीच म्हातारी माणसं. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक भरून कर्नाटकाकडं निघाल्या की ज्यांना कोयता पेलत नाही आणि फडावरच्या कोपीत थंडी सोसत नाही, अशी माणसं मागं राहायची. सहा वर्षांमागं शिवराज टोळीवाल्यानं आपल्या आईला, भामाबाईला, उचलून फकिराच्या पडवीत आणून ठेवलं आणि फकिराच्या बायकोला, चतुराबाईला, म्हणाला, "काकू, एवढा हंगाम बघ हिच्याकडं. डावं अंग गेलंय, फडात कुठं नेऊ?" चतुराबाईनं उठून चुलीवर पाणी ठेवलं, भामाबाईला आंघोळ घातली, केसांतली जट सोडवली आणि आपलं एक लुगडं नेसवलं. तिथून हे सुरू झालं.

यंदा पाचजण होते. भामाबाई. एसटीत ड्रायव्हरकी करून कानानं ठार बहिरे झालेले माऊली. शेजारच्या वस्तीवरचं एक जोडपं. आणि रहीमचाचा पिंजारी. चाचांचं कुणी ऊस तोडायला जात नव्हतं. त्यांची नात उजमा शहरात वकिलाकडं कामाला होती, पण तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि चाचांना जिना चढवत नव्हता. ते बारमाही इथंच राहत.

मार्गशीर्ष लागला होता. कापसाची दुसरी वेचणी चालू होती, गाव सकाळीच रिकामं व्हायचं. फकिरा उन्हात बसून माऊलींची दाढी करत होता. थापी धरून धरून जाड झालेली त्याची बोटं वस्तऱ्यावर मात्र हलकी पडत. अर्धी दाढी झाली असेल, तेवढ्यात ग्रामसेवक ऋतुराज गाडी लावून आत आला.

"फकिराभाऊ, तुमच्या नावानं पत्र आलंय."

"वाचा की, भाऊसाहेब. माझे हात भरल्यात."

ऋतुराजनं पत्र वाचायच्या आधी इकडंतिकडं पाहिलं. वयानं लहान होता, गावात येऊन वरीसच झालं होतं. "तुम्ही विनापरवाना वृद्धाश्रम चालवता, असं लिहिलंय. महिन्याच्या आत परवानगी घ्यायची, नाहीतर सगळ्यांना नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं."

"आश्रम कुठला? ही आपली गावातली माणसं हायत."

"भाऊ, कुठंतरी एका घरात म्हाताऱ्यांना कोंडून ठेवलेलं निघालं. आता सगळीकडं तपासणी लागलीय. तुमच्यावर कुणाचा राग नाय."

चतुराबाई दारात येऊन उभी होती. हात पिठाचे. "नातेवाईक ऊस तोडू लागलेत. त्यांच्या ताब्यात म्हंजी ह्या भामाबाईला फडात नेऊन टाकू का?"

"काकू, मी पत्र आणणारा माणूस," ऋतुराज म्हणाला आणि बुटांकडं बघत राहिला.

माऊलींना ओठ हललेले दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. "काय म्हणतोय त्यो?"

फकिरा त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "परवाना मागतेत."

"हाय की माझ्याकडं," माऊली म्हणाले. "हेवी."

ऋतुराजला हसू आवरेना. चतुराबाईनं त्याला चहा दिला, तो त्यानं पायरीवर बसून घेतला आणि पत्राची पोच लिहून घेऊन गेला.

दोन दिवसांनी दोघं नवरा-बायको पाचोडहून एसटीनं शहरात गेले. समाजकल्याणच्या कार्यालयात रत्नमाला नावाच्या मॅडम होत्या. समोर खुर्ची होती, पण फकिरा उभाच राहिला. धुतलेली असली तरी विजारीच्या शिवणीत सिमेंट असतंच.

"बसा बाबा. संस्थेचं नाव काय?"

फकिरा खुर्चीच्या कडेला टेकला. "संस्था नाय मॅडम. घर हाय."

"घराला परवानगी नसते. संस्थेला असते." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. दिवसातून चार वेळा म्हणत असाव्यात. "आधी संस्था नोंदवा. सात सभासद लागतील. मग जागेचा उतारा, इमारत मजबूत असल्याचा दाखला, पाण्याची तपासणी, आग विझवायची सोय, डॉक्टरचं पत्र, पोलिसांचं पत्र. स्वयंपाकघराची नोंद वेगळी. चाकाची खुर्ची आत-बाहेर जाईल असा उतार. सगळं झालं की मी स्वतः येऊन बघणार."

त्यांनी दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद दिला. चतुराबाई सातवी शिकलेली. तिनं बोट ठेवून एक एक ओळ वाचली, मधे मॅडमना दोनदा अडवून अर्थ विचारला आणि कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली. फकिराला तिच्याकडं बघून बरं वाटलं. अर्ध्या तालुक्यात त्यानं भिंती उभ्या केल्या होत्या, पण कागद म्हटलं की तो बायकोकडं सरकवायचा.

उठताना त्यानं मागं पाहिलं. खुर्चीच्या काळ्या गादीवर पांढुरका डाग उमटला होता. त्यानं टोपी काढून तो पुसला. मॅडमनी पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं.

उजमा बाहेर झाडाखाली थांबली होती. तिनं घडी उलगडून कागद पाहिला. "हो जाता मामू. वक्त लगता, लेकिन हो जाता. काकू, नाव सांगा संस्थेचं. तीन सुचवायची, जे कुणी घेतलेलं नाही ते मिळेल."

चतुराबाईनं दोन नावं सांगितली. उजमानं मोबाईलवर पाहिलं, दोन्ही आधीच कुणीतरी घेतलेली.

"मग गयाबाई लिही," चतुराबाई म्हणाली. "गयाबाई ज्येष्ठ नागरिक सेवा संस्था."

फकिरानं तिच्याकडं पाहिलं. गयाबाई त्याची आई. चतुराबाई मात्र गुलमंडीच्या बाजारात चादरी कुठं स्वस्त मिळतात ते उजमाला विचारत होती.

पुढचे दिवस पळापळीत गेले. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी, चहा, गोळ्या उरकायच्या आणि मग एकानं घर सांभाळायचं, एकानं कागदामागं जायचं. सातजण जमले. घरचे दोघं, उजमा, मुलगी संस्कृती आणि जावई, रिटायर झालेले एक मास्तर, आणि सातवे खुद्द रहीमचाचा. सही करताना चाचांनी तीन वेळा पेन झटकला आणि उर्दूत केली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा येऊन तपासायचं पत्र दिलं. विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला गेलं. आग विझवायचं लाल नळकांडं आलं, ते चतुराबाईनं गणपतीच्या फोटोशेजारी टांगलं. चाचांनी पडवीत बसून जुन्या गाद्यांचा कापूस मोकळा केला. पूर्वी पिंजायची धनुकली होती, आता छडीनं झोडत. पाच गाद्या नव्यानं भरल्या, टाके घातले. संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा आणि ते त्यातूनच हसायचे.

फकिराच्या वाट्याचं काम म्हणजे उतार. घराचं जोतं दोन फूट उंच. त्यानं दगड लावून, मुरूम ठोकून चार दिवसांत दहा फुटी उतार बांधला, वरून घोटून काचेसारखा केला. दाखला द्यायला आलेल्या पोरगेल्या इंजिनिअरनं चाकाची खुर्ची वर नेली आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच बसा."

फकिरा बसला. इंजिनिअरनं हात सोडला. खुर्ची सुटली ती थेट फाटकावर जाऊन आदळली आणि फकिरा गुडघ्यांवर पडला. पडवीतून पाचही माणसं बघत होती.

"एकास बारा लागतो," इंजिनिअर त्याला उठवत म्हणाला. "एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तुमचं जोतं दोन फूट, म्हणजे चोवीस फूट."

फकिरा जन्मभर एकास सहा, एकास आठ असा माल कालवत आला होता. हे प्रमाण त्याला नवं नव्हतं, पण कुठं लावायचं ते नवं होतं. त्यानं टेप लावला. जोत्यापासून फाटकापर्यंत अठरा फूट. उरलेले सहा फूट बाजूला वळवावे लागणार, आणि बाजूला थोरल्या भावाचं, साहेबरावचं घर. दोन्ही घरांच्या मधोमध सामाईक ओटा. त्याच आठवड्यात उजमाचा फोन आला. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर अजून दोघा भावांच्या नावावर आहे, साहेबरावचं संमतीपत्र लागेल.

चतुराबाईनं ते ऐकलं आणि पीठ मळत राहिली. फकिरा बाहेर जाऊन बराच वेळ ओट्याकडं बघत उभा राहिला.

अकरा वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. एका भिंतीआड राहायचे, एका नळावर पाणी भरायचे, पण तोंड बघत नव्हते. आई थकली तेव्हा एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं अशी पाळी लावली होती. महिना म्हणजे तीस दिवस की कॅलेंडरचा, हे बोलून ठरलं नव्हतं. मे महिन्याची एकतीस तारीख आली. थोरला म्हणाला, माझे तीस भरले. फकिरा म्हणाला, महिना उद्या लागतो. चतुराबाई तेव्हा माहेरी गेली होती. गयाबाई गाठोडं घेऊन सकाळपासून मधल्या ओट्यावर बसली. दोन्ही घरांतून तिला चहा आला, दोन्ही घरांतून जेवण आलं. आत ये असं कुणी म्हणालं नाही. आपण म्हटलं तर हरलो, असं दोघांनाही वाटत होतं. दिवेलागणीला रहीमचाचा आले, त्यांनी गाठोडं उचललं आणि म्हणाले, "भाबी, चला." ती रात्र गयाबाई पिंजाऱ्याच्या घरी झोपली. दीड महिन्यानं ती गेली, आणि तेराव्याला भावाभावांनी एकमेकांवर बोट दाखवलं. चतुराबाईनं कधी त्याला त्यावरून बोल लावला नाही. पण भामाबाई पहिल्यांदा आली तेव्हा ती का उठली आणि पाणी का ठेवलं, हे फकिराला न सांगता कळलं होतं.

"तुम्ही जा," चतुराबाई म्हणाली. संमतीचा कागद तिनं त्याच्या हातात दिला.

दुपारी फकिरा गेला. साहेबराव ओसरीत दावं वळत बसला होता. सत्तरीला टेकलेला, दोन वर्षांमागं बायको गेली तेव्हापासून जास्तच वाळलेला. त्याचा मुलगा सुदर्शन वाळूजला कंपनीत, पंधरवड्याला यायचा. ओसरीत दुसरं माणूस नव्हतं, खांबाला एक शेळी बांधलेली होती. न बोलणाऱ्या माणसांना मधे कुणीतरी लागतं. फकिरा शेळीकडं बघून बोलला.

"घराच्या उताऱ्यावर दोन नावं हायत म्हणावं. सही लागती."

साहेबरावनंही शेळीकडं पाहिलं. "कागद ठेव म्हणावं तिथं."

"मधला ओटा बी फोडावा लागल. उताराला जागा पुरंना झालीय."

साहेबरावचे हात दाव्यावर थांबले. फकिरा कागद ठेवायला वाकला तेव्हा त्याला खाटेखाली सरकवलेली ताटली दिसली. अर्धी भाकरी, मेथीची भाजी. सकाळी त्यानं स्वतः तीच भाजी खाल्ली होती. ताटलीच्या काठावर नाव घातलेलं होतं, सौ. चतुराबाई फकिरा. भाकरीही तिच्याच हातची, कडेला बोटाचा ठसा असलेली. साहेबरावनं पाहिलं की ह्यानं पाहिलं. त्यानं पायानं ताटली आणखी आत ढकलली.

दोन वर्षं चतुराबाई भिंतीवरून ताटली देत होती आणि फकिराला पत्ता नव्हता. त्याला राग यायला हवा होता. आला नाही.

साहेबरावनं कागद उचलला, हात लांब करून धरला. चष्मा नव्हता. ओठ हलवत त्यानं वरची ओळ वाचायला घेतली. "गया... बाई..." तिथं तो थांबला. पुढं न वाचता त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. फकिरा घरी आला.

घरी आल्यावर तो चतुराबाईला एवढंच म्हणाला, "भाजीत मीठ जरा कमी टाकत जा. त्याला बीपी हाय."

चतुराबाईनं वर पाहिलं. "टाकते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फकिरा मोटरसायकल काढत होता, तर साहेबराव इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून फाटकाशी उभा. हातात कागद. गाडी सुरू झाली तसा मागं बसला. पाचोडपर्यंत तो मागची दांडी धरून ताठ बसला होता. बाजाराचा दिवस, रस्त्यावर गर्दी, एका खड्ड्यात गाडी आपटली तशी त्यानं फकिराच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा रस्ता चांगला होता, पण हात काढला नाही.

सेवा केंद्रातल्या श्रेया नावाच्या मुलीनं संमतीपत्रासाठी ओळख पटवायला दोघांना मशीनवर बोटं ठेवायला सांगितलं. लाल दिवा. अंगठा, लाल. दुसरं बोट, लाल. तिनं ओलं फडकं दिलं, मग खोबरेल लावून पाहिलं. "जोरात दाबा आजोबा." दोघांनी दाबून दाबून नखं पांढरी केली. रांगेतली माणसं मागून वाकून बघायला लागली, कुणीतरी म्हणालं, "आटपा ना."

श्रेयानं दोघांचे तळवे उलटे करून पाहिले. "रेषाच नाहीत बोटांना. दोघांच्याही."

"सिमेंटनं खाल्ल्या," फकिरा म्हणाला. "गवंडी हाव."

"मग डोळ्यांचं घेते. घाबरू नका, नुसतं बघायचं."

तिनं दुर्बिणीसारखं यंत्र साहेबरावच्या डोळ्यांना लावलं. तो इतके डोळे ताणून बसला की पाणी आलं. हिरवा दिवा लागला. श्रेयानं पडद्यावर पाहून विचारलं, "भाऊ भाऊ का तुम्ही?"

साहेबरावनं सदऱ्यानं डोळे पुसले.

"व्हय," तो म्हणाला.

ओटा फोडायचं दुसऱ्या सकाळी ठरवलं होतं. फकिरानं घण उचलला, दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. तो ओटा दोघांनी मिळून बांधला होता, फकिरा सोळा वर्षांचा असताना. थोरल्यानंच त्याला थापी धरायला शिकवलं होतं. तो तसाच उभा असताना साहेबराव घरातून आला, त्याच्या हातातून घण घेतला आणि कोपऱ्यातल्या दगडावर घातला. म्हातारा हात, घाव तिरका बसला. दुसरा सरळ बसला. चौथ्या घावाला दगड हलला. तेव्हा फकिरानं पहार आणली. दुपारपर्यंत दोघं दगड उपसत होते, घामानं सदरे पाठीला चिकटले होते. रहीमचाचा पडवीत गादी शिवत होते. त्यांनी सुई थांबवून एकदा पाहिलं आणि परत टाका घातला.

ओट्याचेच दगड उताराच्या पायात गेले. फकिरानं वाळू-सिमेंट कालवलं, पाणी ओतलं, फावडं मारलं. साहेबराव दगडावर बसून बघत होता.

"माल पातळ झालाय," तो म्हणाला.

तो शेळीशी बोलत नव्हता. शेळी तिकडं भिंतीपलीकडं होती. फकिरानं फावडं तसंच धरलं.

"व्हय दादा," तो म्हणाला. "टाकतो वाळू."

मग लेव्हल काढायची होती. पाणी भरलेली प्लास्टिकची नळी, एक टोक इकडं, एक तिकडं. एकट्या माणसाला ती धरता येत नाही. साहेबराव उठून खालच्या टोकाला गेला. "खाली घे... अजून... बस." चोवीस फुटांत दोन फूट, मधे वळणावर सपाट जागा. पाच दिवसांनी इंजिनिअर आला, त्यानं फकिराला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि हात सोडला. खुर्ची हळूहळू, म्हातारं जनावर चालावं तशी खाली उतरली, वळणावर फकिरानं चाकं वळवली आणि ती फाटकाच्या अलीकडं थांबली. माऊलींनी टाळ्या वाजवल्या.

महिना भरायला तीन दिवस असताना रत्नमाला मॅडम जीपनं आल्या. चतुराबाईनं इरकली लुगडं नेसलं होतं. मॅडमनी सगळं पाहिलं. पाण्याची टाकी उघडून, औषधांचा डबा उलटा करून, संडासात शिरून कडी लावून बघितली. गादीवर बसून हातानं दाबलं. "कुणी केल्या?" त्यांनी विचारलं. चाचांनी मान झुकवली.

मग त्या म्हणाल्या, "घरच्यांनी बाहेर थांबा. मला ह्यांच्याशी एकट्यानं बोलायचंय."

फकिरा, चतुराबाई आणि साहेबराव फाटकाशी उभे राहिले. आतून आवाज नीट येत नव्हता. चतुराबाई पदराचं टोक पिळत होती. आत भामाबाईजवळ मॅडम खाली बसल्या, हे उघड्या दारातून दिसत होतं.

"काही त्रास आहे का मावशी इथं? मनात असेल ते सांगा."

भामाबाईची जीभ जड. शब्द एक एक करून बाहेर आले. "हाय. चतुरा... अंग... लई घासती."

मॅडमनी लिहायला घेतलेलं पेन थांबलं.

"मळ... ऱ्हाऊ देत नाय," भामाबाई म्हणाली. "कातडं... जाईल म्हणलं."

मॅडम खाली मान घालून हसल्या. मग त्यांनी स्वतः भामाबाईला खुर्चीत बसवून घेतलं, चतुराबाईला हाक मारून पायावर चादर टाकायला लावली आणि खुर्ची उतारावरून ढकलत फाटकापर्यंत आणली. दिवाळीपासून भामाबाईनं रस्ता पाहिला नव्हता. कापसानं भरलेला एक टेम्पो चालला होता, मागं पांढरा फेस सांडत.

"थांब," भामाबाई म्हणाली. मॅडम थांबल्या. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत त्या खुर्ची धरून उभ्या होत्या.

"उताराला एकाच बाजूला कठडा आहे," जाताना त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी लागतो. तो करा आणि फोटो पाठवा. आणि यापुढं कुणालाही फॉर्म भरल्याशिवाय आत घ्यायचं नाही. साठ वर्षं पूर्ण, आणणाऱ्याची सही. घरचंच माणूस असलं तरी."

कठडा साहेबरावनं केला. संक्रांतीच्या आधी परवानगीचा कागद आला. संक्रांतीला उजमा तो घेऊन स्वतः आली, तिनं चाचांच्या हातून तिळगूळ खाल्ला. चतुराबाईनं कागद चारदा वाचला आणि मग माऊलींनाही वाचायला दिला.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले. एका सकाळी चतुराबाई भिंतीपाशी ताटली घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"आवाज येईना," ती म्हणाली. "बघा जरा."

फकिरा धावत गेला. साहेबराव न्हाणीच्या दगडाशी भिंतीला टेकून बसला होता. पहाटे पाय घसरला होता. हाड मोडलेलं नव्हतं, पण उजवा गुडघा सुजून वांग्यासारखा झाला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. धोतर ओलं होतं. ते पाण्यानंच ओलं नव्हतं, हे वासावरून कळत होतं. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"हाक मारायची नाय का?" फकिरा म्हणाला.

"कशाला?"

फकिरानं बंब पेटवला. गरम पाण्यानं त्याला धुतलं, पाठ चोळली, मांड्या, पाय. भावाचं उघडं अंग त्यानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. खांद्याची हाडं वर आलेली, उजव्या दंडावर घणाची जुनी गाठ. त्याच्या स्वतःच्या दंडावरही तशीच होती. साहेबराव डोळे मिटून बसला होता, पाणी अंगावर पडलं की थरथरायचा. कोरडं धोतर नेसवून फकिरानं त्याच्या केसांना तेल लावलं.

"सुदर्शन मला वाळूजला बोलावतो," साहेबराव म्हणाला. "मागं गेलो होतो. दोघं बी कामाला जातेत. दिवसभर टीव्ही बघायची. जमत नाय."

"चल मग."

"कुठं?"

"फॉर्म भरायचाय."

साहेबराव त्याच्याकडं वळला. "मी काय म्हातारा झालो का?"

"साठ पुरी लागतेत. तुझी सत्तर झाली. नियमात बसतोस."

फकिरा चाकाची खुर्ची आणायला निघाला, पण साहेबरावनं मान हलवली. एक हात फकिराच्या खांद्यावर टाकून, पाय ओढत तो फाटकापर्यंत आला. उताराशी आल्यावर खांदा सोडून त्यानं कठडा धरला. वळणावर सपाट जागेत दम घेतला. मग वर चढला. रहीमचाचांनी आपली खाट भिंतीकडं सरकवून शेजारी जागा केली आणि गादी झटकली.

चतुराबाई डोक्यावरून पदर घेऊन फॉर्म घेऊन बसली. थोरल्या दिराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून न विचारताच लिहिलं. वय लिहिलं.

"आजार?"

"काय नाय," साहेबराव खाटेवरून म्हणाला.

"गुडघा लिही. बीपी लिही," फकिरा म्हणाला.

"गुडघा काय आजार असतो का?"

तिनं दोन्ही लिहिलं. "आणणाऱ्याचं नाव?"

"फकिरा," फकिरानंच सांगितलं.

"नातं?"

तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिनं पेन कागदावर टेकवून ठेवला आणि वाट बघत राहिली. फकिरा साहेबरावकडं बघत राहिला.

"लिही की," साहेबराव तिला म्हणाला. "धाकटा भाऊ."

तिनं लिहिलं. फकिरानं खाली वाकडीतिकडी सही केली आणि बाहेर जाऊन चुलीत दोन लाकडं सारली. भामाबाईची आंघोळ अजून व्हायची होती.